सहावी मूठ

शनिवारी दुपारी आई ओसरीवर गहू निवडत होती आणि मी खांबाला टेकून वाचत बसले होते. दोघींनाही आपापलं काम सोडायचं नव्हतं, त्यामुळे बोलणं तुटक चाललं होतं. तिचा हा शेवटचा पूर्ण दिवस. ते तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून मी तो नीट पाहिला नाही. जेवढा आठवतो तेवढा लिहिते.

मी जळगावला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दर श्रावणात कानबाईसाठी, आमच्या खानदेशातल्या देवीसाठी, माहेरी येते. आमचं गाव शिरपूरहून बसने पाऊण तास, सातपुड्याच्या पायथ्याशी. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते आणि सोमवारी सकाळी नदीवर जाते. तिच्या नैवेद्याला रोट लागतात, आणि रोटांचा गहू मोजून घेतात. भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. बायकांची मूठ नसते. मात्र घरात कुणी गरोदर असेल तर पोटातल्या जिवाचीही मूठ पडते, ती वेगळ्या वाटीत. मुलगा आहे की मुलगी हे कानबाईलाही अजून ठाऊक नसतं, असं आई म्हणायची. मुलगी झाली तर पुढच्या वर्षापासून मूठ बंद. या घरात माझी मूठ एकदाच पडली, मी जन्मण्याच्या दीड महिना आधी.

‘तुना नंबर कितला उना आते?’ आईने सुपातून नजर न काढता विचारलं.

‘एकशे अठरा.’

‘मांगला साल एकशे चाळीस व्हता.’

‘हो.’

‘म्हणजे सरकस ना पुढे. सरकस.’

मी पान उलटलं.

हा नंबर जन्मयादीतला. संतुलन कायदा आला त्याला सतरा वर्षं झाली. प्रत्येक गावाला एक आकडा ठरवून दिलेला आहे. आमचा एक हजार चारशे बारा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तैलरंगात ‘मंजूर १४१२’ लिहिलंय आणि त्याखाली ‘हजर’ म्हणून खडूने दुसरा आकडा. गावातलं माणूस गेलं की एक जागा रिकामी होते, आणि जागा असेल तरच मूल. जागा नसताना पोट दिसलं तर सातवा महिना लागायच्या आत बाईला तालुक्याच्या संतुलन केंद्रात नेतात. दोन दिवसांनी ती बसने परत येते. तिच्याशी त्या दिवशी कुणी बोलत नाही, एवढी रीत गावानेच पाडली आहे.

अकरा वर्षांपूर्वी, माझं लग्न झालं त्या महिन्यात, सासूबाईंनी माझं नाव यादीत घातलं. त्याच आठवड्यात आईने केळं सोडलं. माझा नंबर लागेपर्यंत खायचं नाही. दारामागे केळीची बाग, खळ्यात केळीचे घड, आणि ही बाई अकरा वर्षं केळं सोलून दुसऱ्यांच्या हातात देत होती.

चारच्या सुमारास उखर्डू आबा आले. आमच्या भाऊबंदातले सर्वांत मोठे, एक्याण्णव वर्षांचे. कायदा आल्यापासून गावात म्हाताऱ्यांची चौकशी फार होते.

‘कसं काय, आबा?’ मी विचारलं.

‘शे अजून,’ ते काठी टेकत म्हणाले. ‘जागा रिकामी नही.’

आई हसली. ‘तुमले कोन इचारस, आबा? चहा घ्या.’

‘इचारस ना. तो खालच्या गल्लीतला सकाळ-संध्याकाळ इचारस. त्यानी सून यादीमा शे.’ त्यांनी बशीत चहा ओतला. ‘मी त्याले सांगं, पोरा, मी आजून दोन निवडणुका दखसू.’

चहा झाल्यावर आई हात धुऊन उठली. पुढच्या खोलीत, जिथे रविवारी कानबाई बसणार होती तिथे चौरंग मांडलेला होता. चौरंगावर ताट. आईने उजव्या हाताने मूठ घेतली, मग वरची पाव मूठ, आणि नावं घेत ताटात टाकत गेली. ‘उखर्डू. भाईदास. पुना. धना.’ भाईदास काका म्हणजे आबांचा मुलगा, पुना आणि धना काकांचे मुलगे. दोघंही सुरतला कामाला होते, पण मूठ गावातच पडते. ‘रोहिदास.’ हा माझा धाकटा भाऊ. वडिलांची मूठ ते गेल्यापासून, कायद्याच्याही आधीपासून, बंद आहे.

पाच झाल्या. ती उठली नाही. तिने पदराआडून पितळेची लहान वाटी काढली, पुन्हा सव्वा मूठ घेतली, काही नाव न घेता वाटीत टाकली आणि वाटी ताटाशेजारी ठेवली. रोहिदासची बायको सुलक्षणा दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मी पाहिलं. मी पाहिलं हे आईनेही पाहिलं.

‘कितवा?’ मी विचारलं.

‘पाचवा लागना.’

दर पंधरा दिवसांनी अंगणवाडीत बायकांच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन यंत्रात घालतात. ते यंत्र दुरुस्तीला तालुक्याला गेलं होतं आणि चार महिने परतलं नव्हतं. तेवढ्या फटीतून हे मूल आलं होतं.

‘आणि जागा?’

‘दखसूत,’ आई म्हणाली. म्हणजे बघू.

‘माय, उद्या घरात सगळं गाव येईल. वाटी पाहिल्यावर न कळणारं एक तरी माणूस आहे का? निदान आत ठेव.’

‘पोटमा जीव शे आन मूठ लपाडू?’ तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू कॉलेजात काही शिकलेच नव्हते. ‘शे तर शे.’

शे तर शे, म्हणजे आहे तर आहे. या तीन शब्दांवर तिचा वाद संपत असे. थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘तुना आगोदर तिना नंबर लागना. तुले वाईट नही ना वाटनं?’

‘नाही.’

‘खरं सांग.’

‘खरंच सांगते. नाही वाटलं.’

ते खरंच होतं. पण तिने स्वतः होऊन दार उघडलं होतं, आणि मी उंबऱ्यापर्यंतच गेले.

रविवारी सकाळी साडेसातला ती चौरंगाच्या मागे पडदा बांधत होती. ‘हेमा, पानी आन,’ म्हणाली. मी तांब्या घेऊन आले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि पडद्याचं एक टोक तिच्या हातात होतं. डॉक्टर म्हणाले हृदय. वय सहासष्ट. कधी आजारी पडलेली मला आठवत नाही.

सुतक आलं, आमच्या भाऊबंदाच्या चारही घरांची कानबाई बसायची राहिली. सोमवारी सकाळी गावातल्या बाकीच्या कानबाया आमच्या दारावरून नदीकडे गेल्या. आमच्या घरासमोर आल्यावर वाजंत्री थांबायची आणि चार घरं पुढे गेल्यावर पुन्हा सुरू व्हायची. असं सात-आठ वेळा झालं. मी आतून ते मोजत होते, आणि मोजण्यात बरं वाटत होतं.

चौरंग तसाच होता. ताट तसंच, वाटी तशीच.

‘अक्का,’ रोहिदास हळू म्हणाला, ‘नवल येई मृत्यूनी नोंद कराले. ती वाटी…’

नवल म्हणजे गावाचा गणक. शाळेत माझ्या दोन वर्षं मागे होता. जन्म, मरण, हजेरी सगळं त्याच्याकडे.

‘मग उचल,’ मी म्हणाले.

तो उठला नाही. कानबाईपुढे मोजलेली मूठ कानबाई उठेपर्यंत हलवत नाहीत. ताटात परत मिसळणं तर बोलायचंच नाही, ज्याची मूठ मिसळली त्याच्या जिवावर येतं. सुलक्षणा दारात उभी राहून आम्हा दोघांकडे पाहत होती. दोन्ही हात पोटावर. 

मी असलं काही मानत नाही. हजारो पुस्तकं माझ्या हातांखालून गेली आहेत. मी चौरंगापाशी जाऊन बसले, हात पुढे केला. वाटी थंड होती. दोन बोटं तिच्या कडेला लागली आणि मी हात मागे घेतला. तिघं शहाणी माणसं एका मूठभर गव्हापुढे बसून राहिली आणि अकरा वाजता नवल आला.

तो आधी रडला. आईने त्याला लहानपणी पुष्कळ जेवू घातलं होतं. मग त्याने डोळे पुसले, टॅब काढला, नाव, वेळ, कारण नोंदवलं. ‘आता हजर चौदाशे अकरा,’ असं सवयीने म्हणाला आणि ओशाळला. मान वर केली तेव्हा त्याला चौरंग दिसला.

त्याने ताट पाहिलं, मग वाटी. त्याच्या घरीही कानबाई बसते.

‘वाटी कुणाची, हेमाक्का?’

‘वाटी कशाची असते ते तुला माहीत आहे.’

‘माहीत आहे म्हणून विचारतोय. नसतं माहीत तर बरं झालं असतं.’ त्याने टॅब पालथा ठेवला. ‘काकूंनी हे उघड्यावर कशाला मांडायचं? चार महिने कुणाला कळलं नाही. अख्खं खातं चकवलं आणि एका वाटीने पकडून दिलं.’

‘शे तर शे, म्हणाली.’

त्याला हसू आलं आणि ते त्याने गिळलं. ‘हे बघा. काकूंच्या जागेची सभा चौदाव्या दिवशी. जागा रोहिदासच्या नावावर चढली तर मी ही वाटी पाहिलीच नाही. नाही चढली तर मला लिहावं लागेल. दुसऱ्या कुणी कळवलं आणि मी लिहिलेलं नसलं, तर माझी नोकरी जाईल आणि माझ्या मुलीचं नाव यादीतून जाईल.’ तो उठला. दारात वळून सुलक्षणाला म्हणाला, ‘वहिनी, उन्हात फिरू नका.’

आता जागा कुणाची, हा प्रश्न. मी कायदा पूर्ण वाचलेला आहे. बहुतेक लोक कायदा ऐकतात. मेलेल्या माणसाच्या जागेवर पहिला हक्क त्याच्या मुलांचा, वयाच्या क्रमाने. त्यात थोरलं मूल आधीच कुठल्याही गावच्या यादीत असेल तर जागा आपोआप त्याच्या नावे होते, नंबर कितीही मागे असो. थोरली मी. यादीत मी. रोहिदास माझ्यानंतर. मी जागा त्याला देते म्हटलं तर ते हस्तांतर ठरतं, आणि हस्तांतराला बंदी आहे, कारण पूर्वी लोक जागा विकायचे. तसं झालं तर जागा तालुक्याच्या सोडतीत जाते आणि चिठ्ठीवर कुणालाही मिळते.

आणि मी एकोणचाळीस वर्षांची. चाळिशीनंतर नाव यादीतून आपोआप कमी होतं.

सांत्वनाला येणाऱ्या बायका माझा हात हातात घेत आणि त्यांच्या डोळ्यांत दुःखाबरोबर आणखी काहीतरी असे. शेजारच्या भागाबाई एकदा बोलूनच गेल्या, ‘माय ती माय. जाता जाता आंडेरनी ओटी भरी गयी.’ आंडेर म्हणजे लेक. गावात सगळे हेच म्हणत होते, रोहिदासने सांगितलं. अकरा वर्षांचा नवस, शेवटी तिने स्वतःच जागा करून दिली. मी ते ऐकून उठले आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

पाचव्या दिवशी दुपारी सुलक्षणा माझ्याजवळ येऊन बसली. ती एकोणतीस वर्षांची, धुळ्याची, फार बोलणारी नाही. तिने लसूण सोलायला घेतला, दोन पाकळ्या सोलल्या.

‘अक्का, मी केंद्रात जाते.’

‘काय?’

‘माझं वय आहे अजून. पुन्हा होईल. तुमचं…’ ती थांबली. ‘आईंची जागा तुमचीच आहे. त्यांना तेच हवं होतं. मी रोहिदासला सांगितलंय. तो काही बोलत नाही, नुसता शेतात जाऊन बसतो.’

तिचा आवाज नीट होता. लसणाची तिसरी पाकळी मात्र तिने सालासकट वाटीत टाकली होती.

‘कुठेही जायचं नाही,’ मी म्हणाले. ‘मला चार दिवस दे.’

‘चार दिवसांत काय होणार, अक्का?’

‘मी काढते वाट.’

तिला वाटलं मी त्याग करायला निघाले आहे. तिने माझे पाय धरले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कारण गोष्ट साधी होती. मला मूल नको होतं. पहिल्यापासून नको होतं. यामागे दुःखाची कहाणी नाही, आजार नाही, भीती नाही. काहींना पोहायचं नसतं, काहींना परदेशी जायचं नसतं, तसं. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मी लखनला, माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं. तो रात्रभर विचार करील असं वाटलं होतं. तो म्हणाला, ‘बरं. मग आपण दोघंच. पण घरी कुठे बोलत बसतेस? नाव यादीत आहेच, राहू दे.’

आणि ते राहिलं. बाकीच्यांसाठी ही यादी म्हणजे गळ्यातला दोर. माझ्यासाठी ती पांघरूण होती. पूर्वीच्या काळी माझ्यासारखीला वर्षभरात लोकांनी विचारून विचारून हैराण केलं असतं. यादीतल्या बाईला कुणी काही विचारत नाही. उलट कौतुक करतात, धीर देतात, बसमध्ये जागा देतात. ज्या कायद्याने सुलक्षणाच्या पोटावर नजर ठेवली, त्याच कायद्याच्या आडोशाला मी अकरा वर्षं सुखाने राहिले. आई तेवढी केळं न खाता राहिली.

तिला मी कितीदा सांगायला निघाले होते. पण दर वेळी ती विचारायची, नंबर कितीवर आला, आणि मी आकडा सांगायचे. आकडा खरा असे.

लखनला फोन केला. तो मार्गी लावणारा माणूस आहे. ‘डॉक्टरांचा दाखला काढू,’ तो म्हणाला. ‘गर्भाशयाचं काहीतरी लिहून देतील. वैद्यकीय कारण म्हटलं की तुझं नाव सुटेल आणि रोहिदासचा क्रम येईल. कुणाला काही कळायचं नाही.’

‘दाखला तालुक्याच्या मंडळापुढे तपासतात. तीन आठवडे जातात. आपल्याकडे नऊ दिवस आहेत.’

‘मग?’

‘नियम अकरा. कायम माघार. अर्जावर चार कारणं छापलेली आहेत आणि पाचवं इतर. इतर असेल तर कारण सभेत तोंडी सांगायचं. ते नोंदवावं एवढंच लिहिलंय. ते कुणाला पटावं, असं कुठेही लिहिलेलं नाही.’

त्याने विचारलं, ‘सगळ्या गावासमोर?’

‘हो.’

‘माझ्या आईपर्यंत संध्याकाळच्या आत पोचेल.’

‘पोचेल.’

‘बरं,’ तो म्हणाला. त्याचं हे बरं मला आवडतं. ‘मी येतो सभेला.’

‘येऊ नकोस. मग तूच मला शिकवलंस असं म्हणतील.’

दहाव्याला नदीकाठी सुलक्षणाने पिंडाशेजारी पानावर केळी ठेवली, पिवळीधमक, सहा. भटजींनी विचारलं, हे आवडतं होतं का? ‘आवडतं होतं, पण खात नव्हत्या,’ ती म्हणाली, आणि तिथे उभ्या असलेल्या पन्नास माणसांना कारण माहीत होतं. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. माझा निश्चय आधीच झाला होता. पण तो सोपा नसावा असंही त्या क्षणी वाटलं, आणि ते बरं झालं.

तेरावं झालं. आबांनी चौरंगावरचं धान्य उचलायला परवानगी दिली. ताट नदीत सोडलं. वाटीचं काय, असं रोहिदासने विचारलं तेव्हा आबा म्हणाले, ‘ती सुलक्षणाना हातमा दे. तिले ठाऊक.’ तिने काय केलं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अकरा वाजता शाळेच्या व्हरांड्यात सभा बसली. जागेच्या सभेला गाव गच्च येतं. नवलने टेबलावर टॅब उभा केला. तालुक्याहून एक बाई अधिकारी त्यावरून बोलणार होत्या. त्यांचा चेहरा यायचा, थिजायचा, जायचा, आवाज मात्र येत होता.

जोडणी होईपर्यंत लोकांना करमणूक हवी होती. मागून कुणीतरी हाक दिली, ‘आबा, तुमनी जागा कधी?’

‘तुना बापले इचार,’ आबा वळूनही न पाहता म्हणाले. ‘मनापेक्षा धाकला व्हता, घाई करी गया.’

व्हरांडा हसला. मीही हसले. मग आवाज लागला.

‘मयत सुगंधाबाई, वय सहासष्ट. जागा एक. प्रथम दावेदार हेमलता, मुलगी, वय एकोणचाळीस, यादी क्रमांक एकशे अठरा. हजर आहेत का?’

‘हजर,’ मी म्हणाले.

‘जागा आपल्या नावे होत आहे. स्वीकार म्हणा आणि अंगठा द्या.’

‘माघार,’ मी म्हणाले. ‘कायम.’

 भागाबाई पुढच्या रांगेतून ओरडल्या, ‘येडी व्हयनी का वं? माय मरी गयी तुनासाठी!’

‘शांतता ठेवा,’ टॅबमधून आवाज. ‘कायम माघार म्हणजे नाव पुन्हा कधीच चढणार नाही, कल्पना आहे ना?’

‘आहे.’

‘कारण? वैद्यकीय, वैधव्य, घटस्फोट, परगावी स्थलांतर?’

‘इतर.’

‘इतर म्हणजे भावाला द्यायची असेल तर ते हस्तांतर होईल. जागा सोडतीत टाकावी लागेल. तसं असेल तर आत्ताच सांगा.’

नवल माझ्याकडे पाहत नव्हता, टेबलाची कड पुसत होता. रोहिदास भिंतीशी उभा होता. त्याच्यापुढे, सैल साडी नेसून बायकांच्या घोळक्यात बसलेली सुलक्षणा. ती मान हलवत होती, नको, नको. माझ्यासाठी ती हे मूल सोडायला तयार होती, आणि मी काय सोडत होते हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

‘भावासाठी नाही,’ मी म्हणाले.

‘मग कारण तोंडी सांगा. नोंद होणार आहे.’

मी सांगितलं. पण घशातून निघाला तो आवाज ग्रंथालयातला होता, शेजारच्याला त्रास होऊ नये असा.

‘ऐकू येत नाही. मोठ्याने बोला.’

मी खुर्चीवरून उठले. इतकी माणसं होती, त्यातल्या अर्ध्यांनी मला कडेवर घेतलं होतं आणि अर्ध्यांना मी.

‘मला मूल नको आहे,’ मी म्हणाले. या वेळी शाळेच्या फाटकापर्यंत गेलं असावं, कारण तिथे उभे असलेले दोघं वळले. ‘आजारपण नाही, अडचण नाही. नको आहे. कधीच नको होतं.’

कुणी हसलं नाही.  आबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे नीट पाहिलं, बाजारात जनावर पारखताना पाहतात तसं, आणि मान एकदा खाली केली.

‘नोंद केली,’ आवाज म्हणाला. ‘पुढील दावेदार रोहिदास, मुलगा. तत्पूर्वी एक औपचारिक प्रश्न. हे कारण आपण याआधी मयत व्यक्तीला सांगितलं होतं का?’

‘नाही.’

‘ठीक आहे. बसा.’

मी बसले नाही. त्या बाईंना जे हवं होतं ते मिळालं होतं, आता तिकडे पाहायची गरज नव्हती. मी टॅबकडे पाठ केली. समोर गाव होतं आणि गावापलीकडे आमच्या घराचं कौलारू छप्पर. जळगावला गेल्यापासून माझ्या तोंडची भाषा बदलली आहे. आई तिच्या बोलीत विचारायची आणि मी पुस्तकी बोलीत उत्तर द्यायचे, वीस वर्षं असंच चाललं होतं. आता मी तिच्या बोलीत बोलले, पुरेसं मोठ्याने.

‘माय, माले लेकरू नको व्हतं. कधीच नको व्हतं. मी तुले सांगं नही.’